तळ्याचे पाणी : मध्यान्ही आणि पहाटे

तळ्याच्या काठावर सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसला, की पहिली शंका येते ती विषाची. पाण्याचा नमुना घेतला जातो तो बहुधा दुपारी, कारण तीच कामाची वेळ. त्या नमुन्यात प्राणवायू पुरेसा आढळतो आणि कोडे अधिकच गहन होते. विषाची शक्यता अर्थातच नाकारता येत नाही. परंतु पुष्कळदा अपराधी असते ती स्वतः रात्रच, आणि दुपारी घेतलेल्या नमुन्यात तिचा मागमूसही उरलेला नसतो.

पाण्यात प्राणवायू किती असतो, हे प्रथम पाहू. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पंचवीस अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात हवेतून विरघळून मावतो तो केवळ ८.३ मिलिग्रॅम. पाणी तापले की ही मर्यादाही खाली येते. तीस अंशांस ती साडेसातच्या आसपास असते. म्हणजे मासा जन्मतःच टंचाईच्या प्रदेशातला रहिवासी होय.

या अल्प साठ्यात भर पडते ती दोन वाटांनी. पहिली वाट हवेची : वारा आणि लाटा यांच्यामुळे पृष्ठभागावरून प्राणवायू आत शिरतो, पण स्तब्ध पाण्यात त्याची गती अतिशय मंद असते. दुसरी वाट पाण्यातील हिरव्या वनस्पतींची, विशेषतः सूक्ष्म शैवालांची. यान इंगेनहाऊस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले, की पाण्यात बुडालेली हिरवी पाने उन्हात प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, अंधारात मात्र सोडत नाहीत. उलट रात्री वनस्पती हवा दूषित करतात. तळ्याचे सारे रहस्य या निरीक्षणात सामावलेले आहे.

सूर्योदयानंतर शैवाले प्राणवायू निर्माण करू लागतात. दुपार टळेपर्यंत तो वाढत जातो आणि हिरव्यागार तळ्यात वर सांगितलेली मर्यादाही ओलांडतो. सूर्य मावळताच निर्मिती थांबते. श्वसन मात्र थांबत नाही. मासे, कीटक, गाळातील जिवाणू आणि स्वतः शैवालेही रात्रभर त्याच साठ्यातून घेत राहतात. त्यामुळे प्राणवायूचा नीचांक मध्यरात्री न येता सूर्योदयाच्या किंचित आधी येतो. गार पाण्यात वायू अधिक मावतो, म्हणून पहाटे तो जास्त असावा, असा तर्क कोणी करील. परंतु भांडे मोठे झाले म्हणून ते भरत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या तळ्यात सायंकाळी लिटरमागे १२ मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि रात्रीच्या बारा तासांत ९ खर्च होतो. पहाटे ३ उरतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, पण तग धरतात. आता दोन दिवस आभाळ भरून राहिले. ऊन नाही म्हणून सायंकाळचा साठा ८ वरच थांबला; रात्रीचा खर्च मात्र तेवढाच. उजाडण्यापूर्वीच साठा संपला! रोहू-कटला अशा वेळी गुदमरतात. हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ वाचते. असे मासे जिवंत आणि बाकीचे मेलेले दिसले, तर तो प्राणवायूच्या टंचाईकडे बोट दाखविणारा दुवा समजावा.

मग रात्रीचा खर्च वाढतो कशाने? सांडपाण्याने. १५६२ च्या सुमारास कुतुबशाही राजवटीत बांधलेला हैदराबादचा हुसेनसागर हे याचे ठळक उदाहरण. वाढत्या नगराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी नाल्यांवाटे त्यात येत गेले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद शैवालांचे खत ठरतात, आणि त्यातील सेंद्रिय मळ कुजविताना जिवाणू प्राणवायू संपवितात. अशा तळ्याची दुपार संपन्न भासते, पहाट कंगाल असते.

मत्स्यपालनाच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो आकडा दुपारी गाठला, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे पगाराच्या दिवशी घरखर्चाची चौकशी करण्यासारखे आहे. मोजणी सूर्योदयापूर्वी झाली पाहिजे.

हे काम शाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली पद्धत आजही वापरली जाते. बुडबुडा न राहील अशी बाटली भरून तीत मँगेनीज सल्फेटचे आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण घालावे. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. तपकिरी साक्यात प्राणवायू जणू बांधला जातो. म्हणून शिक्षकांनी व मोठ्या विद्यार्थ्यांनी पहाटे बाटली भरून आणावी आणि आम्ल घालून थायोसल्फेटने मोजण्याचे उरलेले काम शाळा भरल्यावर प्रयोगशाळेत करावे.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेस काही द्यावयाचे ठरविल्यास, जवळच्या तळ्याची अशी पहाट-दुपारची नोंदवही चालू ठेवण्याचा खर्च द्यावा. वर्षभराच्या नोंदी हाती असतील, तर मासे मेल्यावर कोणाकडे बोट दाखवायचे, हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागणार नाही. आणि ते मरण्यापूर्वीच नाला वळविण्याची मागणी पुराव्यानिशी करता येईल.