लोकलमधला लबाड नकाशा

वसई रोडला चर्चगेट लोकल पकडलीत की डब्यात वर लावलेली स्टेशनांची पट्टी नीट बघा. एक सरळ रेघ, तिच्यावर ठिपके, प्रत्येक ठिपक्याला स्टेशनचं नाव. दोन ठिपक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखंच.

आणि ते चक्क खोटं आहे!

नायगाव ते भाईंदर आहे साधारण साडेचार किलोमीटर. मध्ये वसईची खाडी, खाडीत पाणजू बेट, गाडी आपली पुलावरून धडधडत असते. तिकडे चर्नी रोड ते मरीन लाइन्स जेमतेम एक किलोमीटर. जागेवरून उठेपर्यंत स्टेशन आलंसुद्धा! पट्टीवर मात्र दोन्ही सारखीच.

मग पट्टी काढणाऱ्याला मोजता येत नव्हतं का? येत होतं की! तुम्हीच करून बघा. विरार ते चर्चगेट सुमारे 60 किलोमीटर. किलोमीटरला एक सेंटीमीटर धरून रेघ काढा. नायगावपाशी ऐसपैस जागा मिळेल. आता एका सेंटीमीटरात ‘मरीन लाइन्स’ लिहा बघू! अक्षरं मुंगीएवढी झाली ना? गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला ती दिसणार कशी? शिवाय त्याला किलोमीटर नकोच असतात. आपलं स्टेशन कितवं, त्याच्या आधी कुठलं, एवढं कळलं की झालं.

माहिती सांगणारं चित्र, म्हणजे इन्फोग्राफिक, काढताना हेच आधी ठरवायचं: बघणाऱ्याला काय हवंय? बाकीचं खुशाल गाळायचं.

लंडनच्या हॅरी बेकला हे नेमकं उमगलं. तो तिथल्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आराखडे काढायचा. विजेच्या आराखड्यात तार किती लांब, याला महत्त्व नसतं. कुठली तार कुठे जोडली, याला असतं. 1931 साली त्याने रेल्वेचा नकाशाही तसाच काढला. सगळ्या रेघा आडव्या, उभ्या, नाहीतर तिरक्या. साहेबांनी आधी तो नाकारला. 1933 साली छापला, तेव्हा प्रवाशांनी उचलून धरला! आज जगभरातल्या कितीतरी मेट्रोंचे नकाशे याच वळणाचे असतात.

बेकने एक गोष्ट मात्र गाळली नाही: थेम्स नदी. आपण नदीच्या अलीकडे की पलीकडे, हे लंडनकराला लगेच कळतं. म्हणून मला वाटतं, आपल्या पट्टीवरही नायगाव-भाईंदरच्या मध्ये एक निळी रेघ हवीच. तुम्ही वहीत अशी पट्टी काढाल, तेव्हा तिच्यावर ती निळी रेघ काढा. आणि विरारच्या पुढे डहाणूपर्यंत जाणार असाल, तर वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मध्ये वैतरणा नदीसाठी आणखी एक!