कैरीचे पन्हे: घरी कसे करावे, कोणी किती प्यावे

चैत्र लागला की कोल्हापुरात घरोघरी चैत्रगौर बसते, हळदीकुंकवाला आंब्याची डाळ होते आणि पन्ह्याचे पातेले भरते. त्याच सुमारास आमच्या ओपीडीत ठरावीक प्रश्न सुरू होतात. "डॉक्टर, मला शुगर आहे, पण पन्हं गुळाचं आहे, चालेल ना?" "आईचं हृदय कमजोर आहे, उन्हाळा आहे म्हणून सरबत जरा जास्त देऊ का?" "बाळाला जुलाब होताहेत, सकाळपासून पन्हं पाजतोय." या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पन्हे हे उन्हाळ्यातले चांगले पेय आहे, पण त्यात गूळ, मीठ आणि पाणी हे तिन्ही असतात. तुमच्या घरातल्या एखाद्या पेशंटला नेमके त्यातलेच काहीतरी मोजून घ्यायला सांगितलेले असते.

पन्ह्याने नेमके काय होते?

उन्हात घामावाटे पाणी जाते आणि त्याबरोबर मीठही जाते. नुसते साधे पाणी तहान भागवते, पण तासन्‌तास घाम गाळणाऱ्या माणसाला, म्हणजे शेतात राबणाऱ्याला, गवंड्याला किंवा चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर चालत चढणाऱ्याला, थोडे मीठही लागते. पन्ह्यात पाणी आणि मीठ दोन्ही मिळते, गुळामुळे थोडी ताकद मिळते, आणि आंबट चवीमुळे माणूस आपणहून दोन घोट जास्त पितो. हा शेवटचा मुद्दा छोटा वाटला तरी महत्त्वाचा आहे. वय झालेल्या माणसांना तहानच कमी लागते. साधे पाणी "नको" म्हणणारे आजोबा पन्ह्याचा पेला मात्र रिकामा करतात.

कैरी "थंड" आहे म्हणून ती अंगातली उष्णता ओढून घेते, असे मात्र नाही. पन्हे पिऊन दुपारी बारा वाजता डोक्याला काही न बांधता बाहेर पडलात, तर ऊन लागायचे ते लागतेच.

कैरीत क जीवनसत्त्व असते. उकडताना त्यातले बरेचसे नष्ट होते. त्यासाठी कैरी कच्ची किसूनही पन्हे करतात, पण उकडलेले पन्हे पोटाला सोसते आणि टिकतेही जास्त. जीवनसत्त्वासाठी पेरू, आवळा आणि लिंबू आहेतच.

घरी कसे करावे

मध्यम आकाराच्या दोन-तीन कैऱ्या, साधारण अर्धा किलो, घ्या. देठ कापून त्या अर्धा तास पाण्यात टाकून ठेवा, म्हणजे चीक निघून जाईल. या चिकाने ओठांच्या कडेला, हनुवटीला पुरळ येते किंवा साल निघते. दर उन्हाळ्यात अशी चार-पाच मुले तरी "अॅलर्जी" म्हणून दाखवायला आणतात. कैऱ्या स्वच्छ धुऊन कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या करून उकडा, गार झाल्यावर साल काढा आणि गर कोयीपासून सोडवून मिक्सरमधून फिरवा. साधारण ३०० ग्रॅम गर निघतो.

गूळ किती घालायचा, यावरच सगळे अवलंबून आहे. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे गराच्या दुप्पट गूळ. त्या हिशेबाने दोन मोठे चमचे गर घालून केलेल्या एका पेल्यात सुमारे २५ ग्रॅम गूळ जातो, म्हणजे पाच-सहा लहान चमचे साखर घातल्यासारखेच. गराच्या निम्माच, म्हणजे १५० ग्रॅम गूळ घातला तर पेल्यात १३ ग्रॅमच्या आसपास येतो. चव थोडी आंबटकडे झुकते, पण पहिले दोन दिवस गेले की जिभेला सवय होते. कैरी फार आंबट निघाली तर गूळ वाढवण्याऐवजी पाणी वाढवा.

या गरात एक सपाट लहान चमचा मीठ, वेलची पूड आणि हवी असल्यास भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. एवढ्या गरात दहा-अकरा पेले होतात, त्यामुळे एका पेल्यात अर्ध्या ग्रॅमच्या आतच मीठ येते. काळे मीठ किंवा सैंधव वापरले तरी ते मुख्यतः सोडियमच असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते "वेगळे मीठ" म्हणून सढळ हाताने घालू नये.

तयार गर काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. पिताना पेल्यात दोन मोठे चमचे गर आणि २०० मिलिलिटर पाणी मिसळा. पाणी घालून तयार केलेले पन्हे त्याच दिवशी प्यावे. फेस आला, आंबूस वास आला किंवा वर बुरशी दिसली तर सगळेच टाका. वरचा थर काढून खालचे वापरू नका.

पन्हे तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात करू किंवा ठेवू नका. आंबट पदार्थ तांबे ओढून घेतो, आणि असे पन्हे प्यायल्यावर तासाभरात मळमळ, उलट्या आणि पोटात मुरडा सुरू होतो. कार्यक्रमात मोठ्या पितळी पातेल्यात पन्हे करायचे असेल तर कल्हई शाबूत आहे ना, हे आधी बघा. स्टील किंवा काच सर्वांत बरी.

गुळाबद्दल थोडे

कोल्हापूरला गुळाचे वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे "गुळाने शुगर वाढत नाही" हे वाक्य इथे जितक्या आत्मविश्वासाने ऐकू येते तितके दुसरीकडे क्वचितच येत असेल. ते खरे नाही. गूळ उसाच्याच रसाचा असतो आणि त्यातला बहुतेक भाग साखरच असते. लोह आणि इतर खनिजे त्यात थोडी जास्त असतात, पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी रस उकळताना गंधकयुक्त रसायन वापरतात. त्याचा अंश जास्त राहिला तर दम्याच्या काही रुग्णांना खोकला आणि दम लागण्याचा त्रास होऊ शकतो. घरात दम्याचा पेशंट असेल तर थोडा गडद, रसायनविरहित गूळ ओळखीच्या गुऱ्हाळातून घ्या.

मधुमेह असेल तर

गूळ न घालता पन्हे करता येते. उकडलेला गर, मीठ, भाजलेले जिरे, थोडी मिरपूड, पुदिना आणि भरपूर पाणी घाला. काही जणांना तेच जास्त आवडते. गोडाची फार इच्छा असेल तर डॉक्टरांना विचारून साखरेचा पर्याय थोडा वापरा. बिनसाखरेचे कोकम आणि पातळ ताक हेही चांगले पर्याय आहेत.

खरी अडचण घरच्या पेल्याची नसते, ती हळदीकुंकवाची असते. एका संध्याकाळी चार घरी गेले की चार पेले आणि वर डाळ होते. "नको" म्हणणे बायकांना जड जाते, हे मला माहीत आहे. पहिल्या घरी अर्धा पेला घ्या, पुढच्या घरी डाळ घ्या आणि पन्ह्याऐवजी पाणी मागा. यजमानीणबाईंनीही बाजूला एक तांब्या बिनगुळाचे पन्हे करून ठेवले तर त्या वाड्यातल्या निम्म्या मावश्या दुवा देतील.

हृदय आणि किडनीचे रुग्ण

हृदय कमजोर असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला दिवसभरात किती पाणी घ्यायचे ते डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. पन्हे, ताक, चहा, आमटी आणि कलिंगड हे सगळे त्याच हिशेबात धरायचे. "पाणी कमीच दिलं, फक्त सरबत दिलं" असे सांगत पाय सुजलेला, रात्री आडवे झोपता न येणारा रुग्ण घेऊन नातेवाईक येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे.

किडनीच्या रुग्णांसाठी पोटॅशियम हा आणखी एक प्रश्न आहे. शहाळ्याच्या एका पेल्यात साधारण ४०० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. गुळातही ते असते. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल आणि किडनीचे काम कमी झालेले असेल, तर शहाळे आणि गुळाचे पन्हे रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. लघवीची गोळी घेणाऱ्यांना कडक उन्हाळ्यात उठताना चक्कर येऊ लागली तर गोळी परस्पर बंद न करता रक्तदाब आणि सोडियम तपासून घ्या.

जुलाब होत असताना पन्हे नको

जुलाबात लागते ते ओआरएस. त्यातले मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असतात आणि त्या प्रमाणामुळेच आतडे पाणी शोषून घेते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलराची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर हेच द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. पन्ह्यात साखर जास्त आणि मीठ कमी असते, त्यामुळे जुलाब वाढूही शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घाला. मोजून घाला, अंदाजाने नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचे दूध चालूच ठेवा, पन्हे देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळालाही मीठ-गुळाची पेये नकोत.

पाणी आणि बर्फ

२०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती, ती जिल्हा विसरलेला नाही. अशी कावीळ गरोदर स्त्रीला जिवावर बेतू शकते. म्हणून पन्ह्याला उकळून गार केलेले किंवा खात्रीचे फिल्टरचे पाणीच वापरा. बर्फ घरच्या फ्रीजमधला, त्याच पाण्याचा असावा. रस्त्यावर लादी फोडून घातलेला बर्फ बहुधा मासे आणि सामान गार ठेवण्यासाठीचा असतो. गाड्यावर सरबत घ्यायचेच असेल तर "बर्फ नको" एवढे तरी सांगा.

हे पन्ह्याने भागणारे नाही

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. कोल्हापूरचा उन्हाळाही विदर्भासारखा नसतो, म्हणून आपण गाफील राहतो.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलेल्या तव्यासारखे लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अशा माणसाच्या तोंडात पन्हे, पाणी, कांद्याचा रस, काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. १०८ ला फोन करा. तोवर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि जोरात वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओले फडके किंवा बर्फ ठेवा. ताप उतरण्याची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नसतो. गाडीत नेतानाही अंग ओले ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा.