खोकताना लघवी निसटणे : एक न बोललेले दुखणे

आपल्या रुग्णालयाच्या अहवालात खाटा, शस्त्रक्रिया व यंत्रसामग्री यांचे आकडे दरवर्षी असतात. यंदा त्यांच्या जोडीने एका अशा दुखण्याविषयी लिहीत आहे, ज्याची नोंद केसपेपरच्या पहिल्या ओळीत क्वचितच होते. गुडघेदुखी किंवा रक्तदाबासाठी आलेल्या भगिनी तपासणी आटोपल्यावर, दाराशी पोहोचता पोहोचता, डॉक्टरांना हळूच सांगतात की खोकताना, शिंकताना, हसताना अथवा पाण्याची कळशी उचलताना लघवी निसटते. वैद्यकीय परिभाषेत यास 'स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स' म्हणतात. येथील 'स्ट्रेस' म्हणजे मनाचा ताण नव्हे, पोटातील दाब होय. (प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने त्याचाही प्रारंभी तोच गैरसमज झाला होता.)

ओटीपोटाच्या तळाशी पुढील हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची जणू एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती खालून आधार देते आणि मूत्रमार्ग मिटलेला ठेवण्यास साहाय्य करते. बाळंतपणे, रजोनिवृत्ती, स्थूलता, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि वर्षानुवर्षे उचललेली जड ओझी यांमुळे ती सैल पडते. पुरुषांनाही प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर हा त्रास होऊ शकतो.

या दुखण्याने प्राण जात नाही. परंतु कीर्तनास जाणे सुटते, एस.टी.चा लांबचा प्रवास टाळला जातो, लग्नघरी बसण्यासाठी कोपरा शोधला जातो. पुढे पाणी पिणेच कमी होते, आणि हा उपाय उलटतो. दाट लघवीने मूत्राशयास त्रास होतो, बद्धकोष्ठ वाढते आणि कुंथण्याने तीच झोळी अधिक सैल होते. "वयाप्रमाणे व्हायचेच," असे म्हणून घरातील मंडळीही विषय मिटवतात.

वस्तुतः यावरील पहिला उपचार व्यायामाचा आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली तो शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडला. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरावी, तसे ते स्नायू आत व वर ओढावयाचे, काही सेकंद धरावयाचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावयाचे. असे किमान 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. श्वास रोखू नये. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत. खोकला येणार असे वाटताच किंवा कळशी उचलण्यापूर्वी हेच स्नायू आधी आवळून घेतल्यास निसटणे पुष्कळदा टळते. वजन जास्त असल्यास ते थोडे उतरल्यानेही फरक पडतो. लघवी करताना मध्येच धार थांबवून पाहण्याची सवय मात्र लावू नये.

ऐकावयास हे सोपे वाटते, परंतु अनेक स्त्रिया आत ओढण्याऐवजी खाली जोर करतात, त्यामुळे अपाय होतो. म्हणून प्रथम डॉक्टरांची तपासणी व लघवीची चाचणी, आणि नंतर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिक्षण, हा क्रम आवश्यक आहे. एकाएकी कळ येऊन लघवी होणे, जळजळ, लघवीत रक्त किंवा अंग बाहेर येणे यांची कारणे व उपचार निराळे असतात. तीन महिने नेटाने व्यायाम करूनही गुण न आल्यास शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत; त्यांचे लाभ व धोके तज्ज्ञांकडून समजून घ्यावेत.

या उपचारास कोणी 'बिनखर्चाचा' म्हणतात. जमाखर्च पाहणाऱ्यास तसे म्हणता येत नाही. यास यंत्र लागत नाही हे खरे, पण पडदा असलेली स्वतंत्र खोली, एक स्त्री फिजिओथेरपिस्ट आणि प्रत्येक रुग्णास द्यावयाचा अर्धा-पाऊण तास लागतो. सोनोग्राफी यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. वेतनाच्या खर्चावर पाटी कोठे लावणार? तरीही विश्वस्त मंडळाने व देणगीदारांनी या खर्चाचा विचार करावा, अशी विनंती आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांस इतकेच सुचवावेसे वाटते की आई, सासूबाई किंवा नुकतीच बाळंत झालेली लेक प्रवास अथवा पाणी टाळू लागली असेल, तर तिला एकांतात विचारावे आणि स्त्रीरोग विभागात सोबत घेऊन यावे. नोंदणीच्या खिडकीवर कारण सांगण्याची आवश्यकता नाही. 'बाईंना दाखवायचे आहे' एवढे पुरेसे आहे.