रांग कुठून लावायची?

लेखमाला : पाठीवरचं ऑफिस (भाग ६)

फेब्रुवारी लागला की उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईत बॅगा भरायची घाई सुरू होते. शेतातलं पाचट आणि जंगलातला पालापाचोळा जाळल्यामुळे डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात धूर कोंडतो आणि एप्रिलपर्यंत हटायचं नाव घेत नाही. शहरातल्या कॅफेंत लॅपटॉप उघडून बसलेली परदेशी मंडळी मग दा नांगकडे, बालीकडे, नाहीतर थेट युरोपकडे निघतात. एकाच टेबलावर एक जर्मन आणि एक भारतीय बसलेले असले, तर जर्मन माणूस रात्री लिस्बनचं तिकीट काढतो आणि सकाळी निघतो. भारतीयाला तेच लिस्बन हवं असेल, तर त्याची तयारी दिवाळीतच सुरू व्हायला हवी होती.

मागच्या भागात घरभाडं आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब झाला. या भागातला हिशेब दिवसांचा आहे.

युरोपातल्या शेंगेन गटात आज २९ देश आहेत. भारतीयाला तिथे व्हिसा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अर्ज नेमका कुठे करायचा, हा प्रश्न मात्र बहुतेकांना घर सोडल्यावर पडतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार अर्जदार जिथला कायदेशीर रहिवासी आहे, तिथली वकिलात त्याचा अर्ज तपासते. पर्यटक म्हणून बँकॉकला उतरलेला माणूस थायलंडचा रहिवासी ठरत नाही. तिथल्या वकिलातीत अर्ज न्यायचा तर तो मायदेशातून का केला नाही, याचं सबळ कारण द्यावं लागतं. ते नसेल, तर परत मुंबई गाठायची.

वेळेचं गणितही आहेच. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत लागतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यात अपॉइंटमेंट मिळण्याची वाट वेगळी. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो झालं आहे. आणि पासपोर्ट वकिलातीत पडून असेल, तर तेवढे दिवस तिसऱ्या देशात जाणंही बंद.

म्हणून या वाटेवर मुरलेली माणसं पुढचा देश निवडताना समुद्रकिनारा आणि इंटरनेटचा वेग नंतर बघतात. आधी विचारतात : या देशात राहून त्याच्या पुढच्या देशाची रांग लावता येईल का?

इथेच डिजिटल नोमॅड व्हिसाचं, म्हणजे दुसऱ्या देशातली कमाई ऑनलाइन करत राहू देणाऱ्या परवान्याचं, महत्त्व वाढतं; तो हाती असला की माणूस निव्वळ पर्यटक उरत नाही. ही सगळी लाट करोनाकाळातली. पर्यटक आटले तेव्हा बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये वर्षभराचा ‘वेलकम स्टॅम्प’ काढला, ऑगस्टमध्ये एस्टोनिया आलं, ऑक्टोबरमध्ये दुबई, नोव्हेंबरमध्ये मॉरिशस. क्रोएशियात तर स्प्लिट शहरात राहणाऱ्या यान द योंग या डच उद्योजकाने पंतप्रधान प्लेन्कोविच यांना लिंक्डइनवर जाहीर पत्र लिहिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये परवाना प्रत्यक्षात आला. पुढे पोर्तुगाल, मलेशिया, स्पेन, इंडोनेशिया, थायलंड अशी यादी वाढतच गेली.

यादी लांब असली तरी प्रत्येक दार भारतीयाला उघडं नाही. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांची योजना आणली. वर्षाला एक कोटी येन उत्पन्नाची अट घातली आणि ती व्हिसामुक्त प्रवेश असलेल्या ठरावीक देशांपुरतीच ठेवली. त्यात भारत नाही. जिथे दार उघडं आहे तिथे उंबरठ्याची उंची वेगवेगळी. मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा महिन्याला १,५०० डॉलर उत्पन्नावर आणि विनाशुल्क मिळतो. मलेशियाचा ‘डे रांताऊ’ पास संगणक क्षेत्रातल्यांना वर्षाला २४,००० डॉलरवर मिळतो. संयुक्त अरब अमिरातीत महिन्याला ३,५०० डॉलर लागतात, इंडोनेशियात वर्षाला ६०,००० डॉलर. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट मागतो. २०२५ मध्ये ती रक्कम महिन्याला ३,४८० युरो होती. थायलंडचा जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला पाच वर्षांचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) उत्पन्नापेक्षा शिल्लक बघतो : खात्यात पाच लाख बाथ. एका प्रवेशावर १८० दिवसांचा मुक्काम मिळतो. मात्र अर्ज थायलंडबाहेरूनच करावा लागतो.

तीन घड्याळं

हातात व्हिसा आला की दिवस मोजायचे. पहिलं घड्याळ सीमेवरचं. शेंगेनचा नियम कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस असा आहे, आणि ही १८० दिवसांची खिडकी रोज एका दिवसाने पुढे सरकते. समजा, कुणी १ मार्चला उतरलं आणि २९ मेपर्यंत सलग राहिलं. ९० दिवस संपले. दोन दिवस अल्बेनियात काढून परत शिरू म्हटलं, तर जमत नाही. १ मार्चचा दिवस खिडकीबाहेर पडतो तो थेट २८ ऑगस्टला. आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस, दोन्ही मोजणीत धरतात. पूर्वी अधिकारी शिक्के बघत बोटांवर मोजायचे, त्यात चुकीला जागा होती. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याची जागा फोटो, बोटांचे ठसे आणि संगणकातली नोंद घेऊ लागली.

भारतीयासाठी ९० ही तर कमाल मर्यादा झाली. व्हिसाच्या स्टिकरवर ‘मुक्काम १५ दिवस’ लिहिलं असेल, तर पंधराच. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी एक सवलत आणली : तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत उरली असेल तर, पाच वर्षांचा. त्यामुळे पहिल्या दोन छोट्या सहली हीसुद्धा गुंतवणूकच. ज्यांना दीर्घ मुक्काम हवा, त्यांच्यासाठी एखाद्या देशाचा रहिवास परवाना उपयोगी पडतो. क्रोएशियाचा नोमॅड परवाना असला, तर तिथले दिवस त्या ९० मध्ये धरत नाहीत.

दुसरं घड्याळ कराचं, आणि ते प्रत्येक देशात वेगळ्या तारखेला सुरू होतं. थायलंडमध्ये जानेवारी ते डिसेंबर या वर्षात १८० दिवस भरले की माणूस कर-रहिवासी होतो. २०२४ पासून परदेशातली कमाई तिथे आणली, तर तीही करपात्र धरली जाते. म्हणजे डीटीव्हीचा मुक्काम पुरेपूर वापरणारा नेमका त्या रेषेवर जाऊन उभा राहतो. भारतात मोजणी एप्रिल ते मार्च अशी चालते आणि मुख्य रेषा १८२ दिवसांची आहे. एप्रिलपासून देशात असलेला माणूस ऑक्टोबर उजाडल्यावर निघाला, तर त्या वर्षापुरता तो भारताचाच करदाता राहिला. सप्टेंबरच्या मध्यावर निघाला, तर चित्र बदलू शकतं; आधीच्या चार वर्षांतले दिवस आणि जाण्याचं कारणही तपासलं जात असल्याने तिकिटाआधी सीएची गाठ घेतलेली बरी.

महिना-दोन महिन्यांनी देश बदलत राहिलं की कुणालाच कर द्यावा लागत नाही, असा एक समज या मंडळींत आहे. भारतीय नागरिकासाठी त्याला २०२० च्या अर्थसंकल्पाने लगाम घातला. परदेशी स्रोत वगळून उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याही देशात रहिवासी म्हणून कर लागत नसेल, तर भारत त्याला आपला रहिवासी मानतो.

तिसरं घड्याळ कागदांचं. नोमॅड व्हिसासाठी बहुधा पोलीस क्लिअरन्स लागतो, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (करारातल्या देशांत चालणारं साक्षांकन), मग त्या देशाच्या भाषेत अधिकृत भाषांतर. भारत अपॉस्टिल करारात २००५ पासून आहे, त्यामुळे वकिलातींच्या साक्षांकनाचे बरेच हेलपाटे वाचतात. पण हे दाखले शिळे होतात. काही महिन्यांपूर्वीचा दाखला चालत नाही, असं अनेक ठिकाणी सांगतात. शिवाय जुने मुक्काम पाठ सोडत नाहीत. अर्जाच्या लगेच आधी कुठल्या देशात वर्षाहून जास्त राहिलं असेल, तर क्रोएशिया तिथल्या पोलिसांचाही दाखला मागतो. तो देश सोडण्याआधीच दाखला काढून घेतला, तर एका रांगेत काम होतं; नंतर परक्या भाषेतल्या कचेरीला दुरून पत्रं लिहीत बसावं लागतं. स्पेनला पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा असतो, आणि कंपनीशी किमान तीन महिन्यांचं नातं. नवी नोकरी धरून लगेच स्पेन गाठायचा बेत इथे अडतो.

एक शक्य क्रम

समजा, पुण्यातली एक सॉफ्टवेअर डेव्हलपर परदेशी कंपनीसाठी काम करते. ती घरी असतानाच मलेशियाच्या पासचा ऑनलाइन अर्ज करते आणि सप्टेंबरच्या मध्यावर वर्षभराचा पास घेऊन क्वालालंपूरला जाते. आता ती तिथली पर्यटक उरत नाही. फेब्रुवारीत युरोपच्या उन्हाळ्यासाठी तिथल्याच शेंगेन वकिलातीत रहिवासी म्हणून अर्ज मांडायची वाट तिला मोकळी होते. परतीच्या तारखेनंतरही पास चालू असावा, एवढी अट सहसा असते. पासपोर्ट जमा असेल तेव्हा ती भाड्याच्या घरात निवांत काम करत असते.

तिचे ग्राहक भारतात असते, तर कदाचित मॉरिशस सोयीचं पडलं असतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे. मुंबईच्या दहाच्या मीटिंगला तिथे साडेआठ वाजलेले असतात, लिस्बनला हिवाळ्यात पहाटेचे साडेचार. शिवाय एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि काही शाळांत मराठी शिकवलीही जाते.

क्रम बेतला, तरी एक पर्यायी देश हाताशी असावा, कारण नियम रातोरात फिरतात. सर्बिया हा भारतीयांचा युरोपातला हक्काचा व्हिसामुक्त थांबा होता. १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत गेली. उलट व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ मध्ये ई-व्हिसाची मुदत ३० वरून ९० दिवसांवर नेली.

निघण्याआधी पासपोर्टही उलटून पाहावा. शेंगेनसाठी तो गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. नूतनीकरण परदेशातल्या भारतीय वकिलातीत होतं, पण नंबर बदलला की चालू परवान्यांची दुरुस्ती आली. ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका भारतात ५०० रुपये जास्त देऊन मिळते, आणि शिक्के-स्टिकर गोळा करणाऱ्याला ती पुरते.

(पुढील भागात : व्हिसासाठी काढलेला आरोग्य विमा दवाखान्यात कितपत चालतो?)