फुकटच्या गोव्याचं बिल

"काँग्रॅच्युलेशन्स मॅडम! लकी ड्रॉमध्ये तुम्हाला गोवा लागलंय. तीन दिवस, दोन रात्री. एकदम फ्री!"

शुक्रवारची दुपार, डोक्यावर डेडलाइन आणि कानात गोवा. मग आठवलं, मॉलमध्ये कार जिंकायचं कूपन भरलं होतं. नाव, मोबाइल, लग्न झालंय का, पगार किती. लकी ड्रॉला पगार कशाला हवा, हे तेव्हा सुचलं नाही.

अट एकच. रविवारी संध्याकाळी हॉटेलात येऊन व्हाउचर घ्यायचं, आणि "सरांना" सोबत आणायचं. नवरा अस्सल कोल्हापुरी. म्हणाला, "फुकट हाय म्हणजे कायतरी विषय हाय." तरी आला.

जोडीनंच का बोलावतात, ते आत गेल्यावर कळलं. 'घरी विचारून सांगतो' ही पळवाटच बंद! हॉलमध्ये जोरात म्युझिक, टेबलाटेबलावर आपल्याच वयाची जोडपी. कुणी मेंबर झालं की टाळ्या. समोरचा टायवाला गोड मुलगा फिरण्यावरचा आपला खर्च विचारतो, कॅल्क्युलेटरवर त्याचे पंचवीस वर्षांचे लाखो रुपये करून दाखवतो. आमची मेंबरशिप आधी दीड लाखाची होती. तासाभरानं 'मॅनेजर' आला आणि ती नव्वद हजारांवर आली. क्रेडिट कार्डवर ईएमआय, पण ऑफर फक्त आजच. मी म्हटलं, करार घरी नेऊन वाचते. तो देता येत नाही म्हणे! तिथंच आम्ही उठलो.

व्हाउचर मिळालं बरं का. मागच्या बारीक अक्षरांत प्रवास आपला, जेवण आपलं, वीकेंड आणि सीझन बंद, बुकिंगआधी 'प्रोसेसिंग फी'.

हॉलिडेच्या नावानं केवढं मोठं प्रकरण होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जनं हॉटेलच्या 'रूम नाइट्स' विकल्या. राहायला गेला नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असा तो प्लॅन. सेबीच्या मते ही सुट्टी नव्हतीच, विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेबीनं सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते ५१ लाखांहून जास्त. तिथं आमिष परताव्याचं होतं, आपल्याला बक्षिसाचं दाखवतात. पुढे करतात ती सुट्टीच.

सही करून बसला असाल तर गप्प राहू नका. करारात रद्द करायची मुदत असेल तर त्याच दिवशी ईमेल टाका. फोनवरचं "करतो सर" काही कामाचं नाही. तोंडी दिलेलं प्रत्येक प्रॉमिस करारात शोधा. नसेल तर ते नाहीच. किंमत दुसरीकडे वसूल करून वस्तू 'फ्री' भासवणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरवलीय. त्याच कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी केस कोल्हापुरात! मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ऑनलाइन 'प्रोसेसिंग फी' भरून समोरचा गायब झाला असेल तर लगेच १९३०.

गोव्याला आम्ही नंतर गेलो, आंबोलीमार्गे, स्वतःच्या खर्चानं. परवा पुन्हा फोन आला, या वेळी बँकॉक. म्हटलं, आधी करार ईमेल करा. फोन कट.