कन्सोलचा बास्केटबॉल पीसीवर चालतो का?

आधीच सांगतो, शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

माझा रूममेट बंड्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधला. यंदा ऐन मॅचेसच्या तोंडावर त्याचा गुडघा गेला आणि डॉक्टरांनी सहा महिने ग्राउंड बंद केलं. संध्याकाळी कोर्टावरून बॉलचा आवाज आला की पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून झोपायचा. शेवटी मी माझ्या पीसीवर ‘एनबीए २के२१’ टाकला. मे २०२१ मध्ये एपिकच्या ऑनलाइन स्टोअरवर तो काही दिवस फुकट होता, तेव्हा घेऊन ठेवलेला. दोन मॅच खेळून बंड्या म्हणाला, ‘‘अरे, हा बास्केटबॉलच नाही! शॉट हातातून सुटतच नाही.’’

आता ‘चालत नाही’ म्हटल्यावर आपण गप्प बसतो होय? शोधाशोध केली. कारणं तीन निघाली.

पहिलं, कीबोर्ड. की म्हणजे साधा स्विच, चालू किंवा बंद. पॅडच्या स्टिकचं तसं नाही. विंडोजच्या एक्स-इनपुट पद्धतीत स्टिकच्या प्रत्येक अक्षावर -३२७६८ ते ३२७६७ इतक्या किमती मिळतात. म्हणून प्लेअर हळूच वळतो, अर्ध्या वेगाने सरकतो. मूळ गेम कन्सोलचा, म्हणजे बनवलाय स्टिकसाठीच. मी एक स्वस्त पॅड आणला, तर गेमने तो ओळखलाच नाही. पॅड जुन्या डायरेक्ट-इनपुटवर बोलत होता. काही पॅडांना खाली एक्स आणि डी असा स्विच असतो. आमचा डीवर होता! एक्सवर केला, काम झालं.

दुसरं, फ्रेम रेट. शॉटचं बटण दाबून धरायचं आणि उडीत नेमक्या क्षणी सोडायचं, हा या गेमचा जीव. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, ३० असतील तर ३३.३ नी. चित्रच उशिरा आलं तर बिचारा हात काय करणार? वी-सिंकमुळेही थोडा उशीर वाढू शकतो. आम्ही सावल्या आणि प्रेक्षकांची डिटेल कमी केली, रिझोल्यूशन एक पायरी उतरवलं, आणि ६० स्थिर झाले. कधी ९० कधी ४० यापेक्षा सरळ ६० बरे.

तिसरं, व्हर्जन. ही मालिका १९९९ मध्ये ड्रीमकास्टवर सुरू झाली, पीसीवर आली २००८ मध्ये, २के९ पासून. पण २के२१ ते २के२४ या चारही वर्षी पीसीला मिळालं ते जुन्या पिढीच्या कन्सोलचं व्हर्जन. पीएस-५ च्या पिढीचं व्हर्जन पीसीवर आलं ते २०२४ च्या २के२५ पासून. म्हणजे खेळ जुना दिसला तर दोष दरवेळी तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा नसतो. शिवाय २के२१ चे सर्व्हर ३१ डिसेंबर २०२२ ला बंद झाले, त्यामुळे ऑनलाइन काही नाही. पण एकाच पीसीला दोन पॅड लावून समोरासमोर मॅच होते. हॉस्टेलला आणखी काय पाहिजे?

थोडक्यात, गेम पीसीवर चालतो, मस्त चालतो. आधी पॅड, मग स्थिर ६० फ्रेम, आणि ग्राफिक्स सगळ्यात शेवटी.

परवा बंड्याने ओळीने सात फ्री थ्रो टाकले. ‘‘आता सुटतोय,’’ म्हणाला. तेवढ्यात खालून बॉलचा आवाज आला. त्याने गेम पॉज केला, कुबडी घेतली आणि कोर्टाच्या कडेला जाऊन बसला. पॅड सध्या रिकामा आहे. ज्याला खेळायचंय त्याने यावं.