अध्ययन अक्षमता आणि विशेष शिक्षक

बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत सतत अडथळा येणे म्हणजे अध्ययन अक्षमता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. पुण्यातील महापालिका शाळेत ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत करणारे किंवा ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे मूल (मराठीत एकक आधी उच्चारला जातो, हेही विसरू नये) वर्गात सहज ‘आळशी’ ठरते. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक मात्र चुकांची पुनरावृत्ती हेरतो, पालकांना तपासणीसाठी पाठवतो आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींची वाट दाखवतो. निदान मात्र मानसशास्त्रज्ञ व डॉक्टरांचेच काम. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दर १० विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे.